बंद कचराडेपोचा वायु व शेजारच्या विहिरी

औरंगाबाद (आतांचें छत्रपति संभाजीनगर) शहराचा कचरा तीस वर्षांहून अधिक काळ नारेगांव येथें उघड्यावर पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्यें आसपासच्या ग्रामस्थांनीं गाड्या अडविल्या. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढें गेलें व तेथें नवा कचरा टाकणें बंद झालें. परंतु गाड्या थांबल्या म्हणून ढिगाचें कुजणें थांबत नाहीं. दाबला गेलेला ओला कचरा हवेवांचून कुजतो व गोबरगॅसच्या टाकींत होतो तोच मिथेन वायु वर्षानुवर्षें सोडतो. ढिगाच्या वायूंत साधारण निम्मा मिथेन व बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. कोंडलेल्या हवेंत मिथेन शेंकडा ५ ते १५ असला व ठिणगी मिळाली, तर स्फोट होतो.

हलका म्हणून हा वायु सरळ वर उडून जातो, ही समजूत अर्धीच खरी आहे. पावसाळ्यांत काळी जमीन फुगून वरच्या भेगा मिटल्या कीं तो खालच्या मुरमांतून व दगडाच्या सांध्यांतून आडवा सरकतो, आणि विहीर, तळघर किंवा पाइपाचा चर गांठतो. इंग्लंडांत डर्बीशायरमधील लॉस्को गांवीं २४ मार्च १९८६ रोजीं बंद झालेल्या कचराखाणीशेजारचें एक घर असेंच उडालें व आंतील तिघें जखमी झालीं. त्या रात्रीं हवेचा दाब झपाट्यानें उतरला होता. दाब उतरला म्हणजे जमिनींतला वायु बाहेर पडतो.

म्हणून ढीग व वस्ती यांच्यामध्यें बोअर घेऊन, छिद्रें पाडलेली नळी खडींत बसवून, वरचें तोंड मातीनें घट्ट बंद करितात व नळींतील वायु वारंवार मोजतात. आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळीं दहाच्या सुमारास चढलेला व दुपारीं चारच्या सुमारास उतरलेला असतो. केवळ सकाळींच मोजणी उरकणाऱ्याच्या वहींतील आंकड्यांवर फार विसंबूं नये. मिथेन शून्य, पण कार्बन डायऑक्साइड पुष्कळ व प्राणवायु कमी, असें आढळल्यासही निर्धास्त होऊं नये. मातींतील जंतूंनीं वाटेंत मिथेन खाल्लेला असूं शकतो, आणि माती भिजली कीं तीच वाट मोकळी होते. २०१६ च्या घनकचरा नियमांनीं भरावभूमीच्या जागीं मिथेनची मर्यादा स्फोटाच्या खालच्या पातळीच्या चौथाईवर, म्हणजे शेंकडा सव्वावर ठेविली, व बंद केल्यानंतर निदान पंधरा वर्षें देखरेख सांगितली.

शेतांत पाणी व खत असूनही एखाद्याच पट्ट्यांतलें पीक पिवळें पडून मरत असेल, तर मुळांशीं प्राणवायु उरला नसल्याचा संशय घ्यावा व तेथें मोजणी करून घ्यावी.

आतां विहिरीविषयीं. उतरण्यापूर्वीं कंदील सोडून पाहावयाचा, तो विझला तर उतरावयाचें नाहीं, ही वडिलांची रीत. जड वायु तळाशीं सांचला असेल तेथें तिनें अनेकांचे प्राण वांचविले असतील. परंतु डेपोशेजारीं तीच रीत घात करील, कारण मिथेन असल्यास कंदीलच ठिणगी होतो. तेथें नळी सोडून यंत्रानेंच हवा तपासावी. प्राणवायु शेंकडा साडेएकोणीसाहून कमी भरल्यास किंवा मिथेन आढळल्यास उतरूं नये. पंपघराचें दार उघडून हवा खेळूं द्यावी, मगच स्टार्टरला हात लावावा. आंत कोणी कोसळलाच, तर दोर बांधून वरूनच ओढावा व अग्निशामक दलास बोलवावें. मागोमाग उडी घेणारा बहुधा त्याच्या शेजारींच पडतो.