युद्धनौका गंजते तेव्हा

मुंबईच्या बंदरात काही वर्षे 'विक्रांत' ही विमानवाहू युद्धनौका संग्रहालय म्हणून उभी होती. तुमच्या शिक्षकांपैकी कोणी तिच्या डेकवर फिरलेही असतील. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात पराक्रम गाजवलेली ही नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली, २००१ पासून लोकांना पाहायला मिळू लागली आणि २०१२ मध्ये धोकादायक झाल्यामुळे बंद करावी लागली. २०१४ मध्ये ती मोडीत विकली गेली. शत्रूला जी बुडवता आली नाही ती अशी का संपावी? पैसा कमी पडला, हे उत्तर खरेच आहे. पण नुसत्या उभ्या असलेल्या जहाजाला एवढा पैसा लागतो तरी कशाला? याचे उत्तर तुमच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात आहे.

ते समजून घेण्यासाठी आपण अमेरिकेतील ऑल्बनी या शहरी जाऊ. तेथे हडसन नदीत 'स्लेटर' नावाची युद्धनौका नांगरलेली आहे. लांबी सुमारे ९३ मीटर, म्हणजे 'विक्रांत'पुढे ती लहानच. १९४४ मध्ये ती आरमारात दाखल झाली. पाणबुड्यांपासून मालवाहू जहाजांच्या काफिल्याचे रक्षण करणे हे तिचे काम. दोनशेहून अधिक खलाशी तिच्यावर दाटीवाटीने राहत. १९५१ मध्ये ती ग्रीसला देण्यात आली आणि 'एटोस', म्हणजे गरुड, या नावाने तिने चाळीस वर्षे तिकडे काढली. पुढे अशा नौकांवर काम केलेल्या म्हाताऱ्या खलाशांनी वर्गणी जमवली आणि १९९३ मध्ये ती ओढत अटलांटिकपलीकडे न्यूयॉर्कला आणवली. १९९७ पासून ती ऑल्बनीत आहे.

ती आली तेव्हा तिची अवस्था बिकट होती. ती पुन्हा १९४५ सालासारखी दिसली पाहिजे, असे ठरले. पण पगारी माणसे मोजकीच. तेव्हा जुने खलाशी, निवृत्त वेल्डर, वीजतंत्री, शिक्षक असे लोक सुटीच्या दिवशी डबा घेऊन येऊ लागले आणि हातोडीने गंज खरवडू लागले. मोडीत निघालेल्या इतर जहाजांवरून हरवलेल्या वस्तू मिळवल्या गेल्या.

आता गंजाकडे वळू. लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही मिळाले की ते गंजते, एवढे तुम्हाला ठाऊक आहे. पण आत काय घडते? पोलादी पत्र्याच्या एका ठिपक्यावर लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच दुसऱ्या जागी जातात आणि तेथे पाण्यातला ऑक्सिजन त्यांना स्वीकारतो. म्हणजे पत्र्यावर जणू असंख्य छोटे विद्युत्‌घट चालू असतात. पाण्यात मीठ असले की वीज सहज वाहते आणि गंज झपाट्याने वाढतो. मुंबई बंदराचे पाणी खारे आहे. ऑल्बनी मात्र समुद्रापासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटर आत आहे. तेथे नदीला भरती-ओहोटी येते, तरी पाणी गोडे असते. 'स्लेटर'चे हे मोठेच भाग्य म्हटले पाहिजे.

तांब्यावर बसणारा हिरवा थर आतल्या धातूला थोडेफार संरक्षण देतो. गंज तसे करीत नाही. तो सच्छिद्र असतो आणि मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे वरचा रंग फुगतो, पापुद्रा सुटतो आणि खालचे ताजे लोखंड उघडे पडते. म्हणून नुसता वरून रंग फासून भागत नाही. आधी गंज धातूपर्यंत खरवडायचा, मग अस्तर आणि मग रंग. त्यातही एक भानगड आहे. त्या काळी पोलादाला अस्तर म्हणून आपला शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, सर्रास वापरीत. ते लोखंडाला उत्तम, पण त्याची धूळ पोटात गेली तर विषारी. असा जुना रंग काढताना मुखवटा घालावाच लागतो.

गंजापासून बचावाची दुसरी युक्ती तुम्ही घरी करून पाहा. दोन साधे खिळे घासून स्वच्छ करा. एकाला जस्ती तारेचे चार-पाच वेढे घट्ट द्या. दोन्ही वेगवेगळ्या पेल्यांत मिठाच्या पाण्यात आठ दिवस ठेवा. उघडा खिळा तांबूस होईल. तार गुंडाळलेला बराच स्वच्छ राहील आणि तारेवर पांढुरकी भुकटी दिसेल. जस्त लोखंडापेक्षा अधिक सहजपणे इलेक्ट्रॉन देते, म्हणून झीज त्याच्या वाट्याला येते. जहाजांच्या तळाला जस्ताच्या लाद्या जोडतात त्या यासाठीच. गोड्या पाण्यात वीज कमी वाहते, त्यामुळे तेथे जस्ताऐवजी अधिक क्रियाशील असे मॅग्नेशियम जास्त उपयोगी पडते.

पण पाण्याखालचा पत्रा किती उरला आहे, हे कसे कळणार? भोक पाडून मोजणे म्हणजे रोग्याला मारून नाडी पाहणे! येथे श्राव्यातीत ध्वनी कामी येतो. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५९०० मीटर. पत्र्याच्या एका बाजूला ध्वनीचा ठोका दिला की तो पलीकडच्या पृष्ठभागावरून परततो. पत्रा १० मिलिमीटर जाड असेल तर जाऊन-येऊन २० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३.४ मायक्रोसेकंद लागतील. प्रतिध्वनी २.४ मायक्रोसेकंदांतच आला तर पत्रा किती उरला? गणित स्वतः करा. (उत्तर : सुमारे ७ मिलिमीटर.)

पत्रा पातळ झाला असेल, तर मात्र हौशी हातांचे काम संपते. नौका सुक्या गोदीत न्यावी लागते. 'स्लेटर' २०१४ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंडवरील गोदीत नेली गेली. तळ साफ झाला, पातळ जागी नवे पत्रे बसले. या खेपेला दहा लाख डॉलरहून अधिक खर्च आला. स्वयंसेवकांचे श्रम फुकट मिळतात, गोदी फुकट मिळत नाही. आणि काही वर्षांनी पुन्हा जावेच लागते. मग नौका कायमची जमिनीवर का ठेवू नये, असे तुम्ही विचाराल. टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथे 'स्ट्यूअर्ट' ही याच प्रकारची नौका तशी ठेवली आहे. समुद्राची खारी हवा तिलाही सोडत नाही.

ज्यांना 'स्लेटर'सारख्या नौकांवरची प्रत्येक कळ तोंडपाठ होती, ते खलाशी आता जवळजवळ सगळे गेले. त्यांच्याकडून शिकलेली पुढची पिढी आता हातोडी चालवते. हिवाळ्यात हडसनमधून बर्फाचे मोठे तुकडे वाहत येतात, म्हणून नौका पलीकडच्या रेन्सेलर किनाऱ्याला नेतात. पाहुणे तेव्हा येत नाहीत. स्वयंसेवक मात्र येतात आणि उन्हाळ्यात राहिलेली आतली कामे उरकतात.