घरची भाषा आणि शाळा



आपल्या कुही तालुक्यातील अंभोरा येथे मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ रचिला, अशी परंपरा आहे. संस्कृतात असलेले ज्ञान त्यांनी लोकांच्या भाषेत आणिले. ती मराठी आज राजभाषा आहे. परंतु तिच्याच शेजारी गोंडी भाषा मुकी होत चालली आहे.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविले. त्याच परिसरातील पुष्कळ गोंड घरांत आज गोंडी ऐकू येत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ३० लाख लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदविली. तरी घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. कचेरी, बाजार व शाळा येथे जी भाषा चालत नाही, ती आईबाप मुलांशी बोलणे सोडतात.

या लोपास आपलाही हातभार लागतो. नोकरीच्या आरंभी माझ्या वर्गातील एका मुलाने पाण्यास ‘येर’ म्हटले. वर्ग हसला. ‘पाणी म्हण’ असे मी दरडावले. पुढे कित्येक दिवस तो वर्गात बोललाच नाही. शब्द त्याचा बरोबर होता. चूक माझी होती.

प्राथमिक अवस्थेत भाषिक अल्पसंख्य मुलांस मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी असाव्यात, असे घटनेचा अनुच्छेद ३५०क सांगतो. न्यूझीलंडमध्ये १९८२ पासून माओरी वडीलधाऱ्यांनी बालवाड्यांतून आपली भाषा नातवंडांच्या मुखी पुन्हा आणिली. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढिली.

आपल्या वर्गात पुढील पाठ घेऊन पाहावा.

१. फळ्यावर पाच खडे काढावेत. गोंडी जाणणाऱ्या मुलाकडून ते मोजवून घ्यावेत : उंदी, रंड, मुंड, नालुंग, सैयुंग. उच्चारात गावोगावी भेद असतो. मुलाचा उच्चार तोच प्रमाण मानावा.

२. शेजारी मराठी अंक लिहून दोन्ही भाषांत बेरीज करवावी.

३. मुलांनी घरच्या आजीकडून पाणी, घर, झाड यांचे शब्द विचारून आणावेत व वहीत नोंदवावेत.

४. एखाद्या आजीस शनिवारी शाळेत बोलावून गोष्ट सांगण्याची विनंती करावी.

वर्गात गोंडी मूल नसेल, तर गावच्या बोलीतील शब्दांस हीच रीत लावावी. प्रमाण मराठी उत्तम शिकवावयाचीच आहे. परंतु घरच्या शब्दाची लाज वाटू लागलेले मूल नवा शब्दही मोकळेपणाने उच्चारीत नाही. ज्या शाळेत आजीच्या शब्दाला मान मिळतो, तेथे नातू निर्भयपणे बोलू लागतो. शिक्षणाचा आरंभ तेथूनच होतो.