गाऊनवरची आरी: हात कुणाचे, नाव कुणाचं, मजुरी किती



गिरीज, निर्मळ, वाघोली या बाजूच्या बैठकांत सध्या एक विषय पुन्हा पुन्हा निघतोय. आरीकाम शिकून झालं, ब्लाउजच्या गळ्याची आणि बाहीची कामं मिळू लागली, आता लग्नाच्या आणि पार्टीच्या गाऊनचं कामही येतंय. पण त्याचे पैसे किती सांगायचे तेच कळत नाही. समोरचा जे बोलतो त्याला आपण मान हलवतो. म्हणून या महिन्याचा अभ्यास लेख गाऊनवर आहे. इतिहास आधी आणि हिशेब नंतर घेऊ. घाई असली तरी इतिहास गाळू नका, आपला हिशेब कुठे गळतो ते त्यात दिसतं.

आधी एक खुलासा. आपल्याकडे गाऊन म्हटलं की घरात घालायचा सुती गाऊन डोळ्यापुढे येतो. इथे विषय त्याचा नाही. संध्याकाळच्या समारंभाला घालायचा, पायघोळ, रेशमी, भरतकाम केलेला जो झगा असतो, तो हा गाऊन. युरोपात राजदरबारातल्या मेजवान्या आणि नाच रात्री व्हायचे, तेही मेणबत्त्यांच्या उजेडात. त्या मंद उजेडात नुसता रंग उठत नाही, चमक उठते. म्हणून त्या कपड्यांवर जर, टिकल्या, मोती आले. आजही गिऱ्हाईक बाई मोती निवडताना तो दिव्याखाली धरून बघते ना, ते त्याच कारणाने.

पांढरा लग्नाचा गाऊनही फार जुना नाही. पूर्वी युरोपातल्या नवऱ्या रंगीत कपड्यांत लग्न करायच्या. १० फेब्रुवारी १८४० ला इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने पांढऱ्या साटिनचा गाऊन घालून लग्न केलं आणि मग ती पद्धत जगभर पसरली, आपल्या वसईच्या चर्चपर्यंत पोहोचली. आपल्या पणज्यांच्या लग्नात लुगडंच होतं. राणीच्या गाऊनवरची लेस डेव्हन परगण्यातल्या बीअर या समुद्राकाठच्या खेड्यात आणि आसपास २०० हून जास्त बायकांनी हाताने केली. यंत्राच्या लेसमुळे त्यांचा धंदा बसत चालला होता, म्हणून राणीने मुद्दाम त्यांना काम दिलं. काम झाल्यावर नक्षीचे खाके नष्ट केले, कुणी नक्कल करू नये म्हणून. आता यातली दुसरी बाजू बघा. त्या भागात लेस करणाऱ्या बायकांना व्यापारी पुष्कळदा रोख पैसे देतच नसत, मजुरीच्या बदल्यात आपल्याच दुकानातला किराणा देत. राणीचा गाऊन आजही चित्रांत दिसतो. त्या २०० बायकांची नावं आपल्याला कुणी सांगत नाही.

नाव लावण्याची रीत आली ती शिंप्याच्या बाजूने. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ नावाचा इंग्रज माणूस पॅरिसला गेला आणि १८५८ मध्ये त्याने तिथे स्वतःचं शिवणघर काढलं. गिऱ्हाईक सांगेल तसं शिवायचं सोडून तो स्वतःचे नमुने दाखवायचा आणि कपड्याच्या आत आपल्या नावाची पट्टी शिवायचा. मोठ्या घरांच्या हाताने शिवलेल्या खास कपड्यांना फ्रान्समध्ये 'ओत कुत्यूर' म्हणतात आणि १९४५ पासून हे नाव तिथे कुणालाही वाटेल तसं वापरता येत नाही. नावाला किती किंमत असते बघा, त्यासाठी कायदा केला! मात्र गाऊनवरचं भरतकाम ही मंडळी बहुतेक बाहेरून करून घ्यायची. मिशोने नावाचा भरतकामाचा कारखाना वर्थसाठी काम करायचा. तो १९२४ मध्ये आल्बेर आणि मारी-लुईज लेसाज या नवराबायकोने घेतला. आज भरतकामात जगभर घेतलं जाणारं लेसाज हे नाव तेच.

आता आपल्या सुईकडे येऊ. तुमच्या हातातली आरी मूळची कच्छ-गुजरातमधल्या मोची कारागिरांची. चामड्यावर टाका घालायची आकड्याची सुई त्यांनी कापडावर आणली आणि साखळीचा टाका झरझर पडू लागला. गुजरातचं भरतकाम पोर्तुगीज आणि नंतर इंग्रज व्यापारी खंभातच्या बाजूने जहाजं भरून नेत. त्या काळी आपली वसईही पोर्तुगिजांकडे होती, १५३४ पासून १७३९ पर्यंत. पुढे अठराव्या शतकात युरोपातल्या बायका गोल चौकटीत कापड ताणून आकड्याच्या सुईने भरू लागल्या. ती चौकट ढोलकीसारखी दिसते म्हणून फ्रेंचांनी त्याला 'तांबूर' नाव दिलं. फ्रान्सच्या ल्युनेव्हिल गावात त्याच सुईने मोती आणि टिकल्या लावायची पद्धत बसली. फरक एवढाच, की तिकडे मोती आधीच दोऱ्यात ओवून घेतात आणि कापडाच्या उलट बाजूने काम करतात. आपण सुलट बाजूने, सुईवर मोती घेत काम करतो. तेव्हा शिकवणीला कुणी 'फ्रेंच पद्धत' म्हणून वेगळी फी मागितली तर हे लक्षात असू द्या.

एका गाऊनची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९०३ च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉयची बायको लेडी कर्झन मोराच्या पिसांचा गाऊन घालून आली. सगळं कापड जरदोसीने भरलेलं, पिसाच्या प्रत्येक डोळ्यात हिरव्या भुंग्याचा चमकणारा पंख. वजन साधारण साडेचार किलो. भरतकाम दिल्लीत किशनचंद यांच्या कारखान्यात झालं, भरलेलं कापड जहाजाने पॅरिसला गेलं, तिथे वर्थच्या घरात ते शिवलं आणि गाऊन परत दिल्लीला आला. आज तो इंग्लंडमध्ये केडलस्टन हॉल इथे ठेवलेला आहे. लोक त्याला वर्थचा गाऊन म्हणतात. कारखानदाराचं नाव तरी उरलं. अड्ड्यावर वाकून बसलेल्यांचं तेही नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. १९२० नंतर सरळ, सैल, मण्यांनी भरलेल्या गाऊनची फॅशन आली. त्याच सुमारास मादलेन व्हिओने या पॅरिसच्या बाईने उरेब कापडात गाऊन शिवायला सुरुवात केली. उरेब कापड अंगावर ताणलं जातं, म्हणून त्यावरचं भरतकाम कडक असून चालत नाही. लेसाजना तिच्यासाठी वेगळी पद्धत बसवावी लागली. तुमच्याकडे उरेब घेराचं काम आलं तर टाका जरा सैल ठेवा, वेळ जास्त धरा आणि दरही वेगळा सांगा.

आणि आज? पॅरिस आणि मिलानच्या मोठ्या कंपन्यांचं बरंचसं भरतकाम मुंबईत होतं. ३० मार्च २०२३ ला डिओर कंपनीने गेटवे ऑफ इंडियासमोर फॅशन शो केला. मागे १४ मीटर उंच भरतकामाचं तोरण होतं. ते मुंबईच्या चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टने केलं. ही शाळा २०१६ मध्ये सुरू झाली आणि तिथे बायकांना भरतकाम शिकवतात. मुंबईच्या आरी-जरदोसीच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बंगालकडून आलेले पुरुष कारागीरच जास्त, म्हणून या शाळेचं मला अप्रूप वाटतं. पण मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने याच धंद्याची दुसरी बातमी छापली होती. मोठ्या परदेशी नावांसाठी काम करणारे मुंबईतले कारागीर कोंदट, असुरक्षित खोल्यांत, दवाखान्याच्या सोयीविना काम करतात, असं त्यात होतं. कपड्याच्या आत मात्र 'मेड इन फ्रान्स' किंवा 'मेड इन इटली' असू शकतं, कारण शेवटची शिवण जिथे झाली त्या देशाचं नाव लावायची मुभा असते. भरतकाम कुठे झालं ते लिहायचं बंधन नसतं.

दिल्लीच्या मोरापासून हे असंच चाललंय. काम कापडावर सगळ्यांना दिसतं, तास कुणालाच दिसत नाहीत. मग ते मोजायचे कुणी? आपणच.

कसे मोजायचे ते सांगते. काम घेण्याआधी त्याच कापडावर, त्याच मोत्यांनी २ इंच बाय २ इंचाचा नमुना करा आणि घड्याळ लावा. समजा ४० मिनिटं लागली. गाऊनच्या योकवर भरायची जागा ६० चौरस इंच आहे. नमुना ४ चौरस इंचांचा, म्हणजे असे १५ नमुने. १५ गुणिले ४० म्हणजे ६०० मिनिटं, म्हणजे १० तास. खाका टोचणं, छापणं, अड्ड्यावर कापड ताणणं याला एक तास. मागची टोकं बांधणं, साफसफाई यालाही एक तास. झाले १२ तास. हे शेवटचे दोन तास आपण कधीच धरत नाही, 'ते काय, होऊन जातं' म्हणतो. तासाला ७० रुपये धरले तर मजुरी ८४० आणि मोती, दोरा वगैरे २६० चं साहित्य. एकूण ११०० रुपये.

आता व्यापारी म्हणाला, "साहित्य तुमचं, ५०० देतो." ५०० मधून २६० वजा करा. उरले २४०. भागिले १२. तासाला २० रुपये! घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण २० रुपये तासाने घेतोय हे माहीत असून घ्या. ७० हा आकडा मी उदाहरणाला धरला आहे. तुमच्या गटाचा दर गटाने बसून ठरवावा आणि तो सगळ्यांचा एकच असावा. एकीने कमी सांगितलं की दुसरीचा दर त्याच दिवशी पडतो.

गाऊनच्या कामात काही गोष्टी ब्लाउजपेक्षा वेगळ्या आहेत. गाऊन जमिनीवर घासतो, त्यात नाच होतो. आरीचा टाका साखळीचा असल्यामुळे एक टोक सुटलं की अख्खी ओळ उसवते आणि मोती हॉलभर. म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी गाठ पक्की करा, लांब ओळीत मध्येही थांबून बांधा. नेटवर जड मणी लावायचे असतील तर खाली ऑर्गेन्झाचा थर घ्या, नाहीतर वजनाने जाळी फाटते. पांढऱ्या कापडावर खाका छापताना रंग फिकट ठेवा आणि आधी कडेच्या तुकड्यावर निघतो का बघा. आणि वाडीतून थेट अड्ड्यावर बसू नका. केळीच्या चिकाचा डाग पांढऱ्या साटिनवर पडला की गाऊन भरून द्यावा लागेल. आपल्या खाऱ्या दमट हवेत जरही काळी पडते. काम अर्धं ठेवून उठलात तर वरून मलमल झाका.

कामाचा मोसमही लक्षात घ्या. उपवासकाळात चर्चमध्ये लग्नं नसतात, त्यामुळे नाताळानंतर आणि ईस्टरनंतर गर्दी एकदम येते. त्या गर्दीत घाईच्या कामाचा जादा दर आधीच बोलून ठेवा. उपवासकाळाच्या रिकाम्या दिवसांत नमुने करून ठेवा, प्रत्येकाच्या मागे कागद लावून त्यावर लागलेली मिनिटं, साहित्याचा खर्च आणि करणारीचं नाव लिहा. हो, नावसुद्धा. पूर्ण झालेल्या प्रत्येक कामाचा, देण्याआधी, फोटो काढा. तोच तुमचा पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायचा अल्बम.

पुढच्या बैठकीला आरी करणाऱ्या प्रत्येकीने २ इंच बाय २ इंचाचे दोन नमुने आणावेत, एक साध्या साखळीचा, एक मोत्यांचा. मिनिटं खरी लिहा, कमी लिहून हुशारी दाखवू नका. सगळ्यांची मिनिटं फळ्यावर लिहून त्याच बैठकीत गटाचा दर ठरवू आणि तो ठराववहीत सह्यांसकट नोंदवू. घड्याळ मोबाइलचं चालेल.