वारा आणि धुरीची भट्टी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मांस लोणारी कोळशाच्या मंद आचेवर व लाकडाच्या धुरात कित्येक तास शिजविण्याची रीत आहे. त्यासाठी झाकणाच्या पत्र्याच्या भट्टीत सुमारे ११० ते १२० अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते. वारा सुटला की हे काम कठीण होते.

वाऱ्याचे परिणाम दोन होतात. पत्र्यालगतचा तापलेल्या हवेचा थर तो सतत वाहून नेतो व भट्टी निवते. उलट, खालच्या झरोक्यातून तो आत शिरला तर जादा प्राणवायू मिळून कोळसा भडकतो आणि लवकर संपतो. म्हणून केवळ कोळसा वाढविणे हा उपाय नव्हे. वाऱ्याच्या बाजूस, थोडे अंतर सोडून, न जळणारा आडोसा उभारावा. झरोका वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस ठेवून तो कमीअधिक उघडून आच आवरावी. धुराडे मात्र बंद करू नये व झाकण वारंवार उघडू नये.

वाऱ्यास कंटाळून भट्टी घरात आणणे प्राणघातक ठरते. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पट दृढतेने जोडला जातो. हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटविणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.