पार्सल आलं, पण जरा थांबा!
नवी चेन कुरिअरने आली की होस्टेलच्या व्हरांड्यात लगेच पाने निघतात. आधी जुनी मोजा. वर्कशॉपमधली लांब स्टीलपट्टी घ्या, चेन ताणून धरा. पिच १२.७ मिमी, म्हणजे २४ पिच ३०४.८ मिमी भरायला हवेत. आपण ‘चेन ताणली’ म्हणतो. खरं तर पट्ट्या ताणत नाहीत, पिना आणि त्यांच्याभोवतीची भोकं घासतात.

३०७ झाली की चेन बदला. ३०८ ओलांडली असेल, तर मागचे दातेही बहुधा तसेच झिजलेले असतात. त्यांवर नवी चेन जोर लावला की उडी मारते. बॅगा लादून ताम्हिणीच्या चढावर हे झालं, तर गुडघा थेट हँडलवर! तेव्हा फ्रीव्हीलही मागवा. (मेसचं बिल थांबेल, दात नाही.)