हळद, माती आणि पाणी : माटुंग्याचे हरित रसायनशास्त्र

हळदीचा डाग नुसत्या पाण्याने जात नाही, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. साबण लावला तर तो जाण्याऐवजी तांबडा होतो आणि धुणाऱ्याची धांदल उडते. हळदीला पिवळेपणा देणारे कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, एवढाच याचा अर्थ. घरात ही धुणे धुण्यापुरती अडचण असते. कारखान्यात मात्र तिला वेगळेच रूप येते. हळदीतून कर्क्युमिन वेगळे काढावयाचे तर ॲसिटोन, हेक्झेन, इथिलीन डायक्लोराइड अशा द्रावकांचा आश्रय घ्यावा लागतो. त्यांतील काही पटकन पेट घेणारे, तर काही विषारी आहेत. इथिलीन डायक्लोराइड तर मनुष्याला कर्करोग जडविण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत गणले जाते. मसाल्याच्या अर्कात त्याचा अंश दहा लाख भागांत ३० भागांहून अधिक राहू नये, असे अमेरिकेचे अन्नविषयक नियम सांगतात.

या अडचणीवर मुंबईतील माटुंगा येथे एक निराळा तोडगा शोधण्यात आला. मुंबई विद्यापीठाने १ ऑक्टोबर १९३३ रोजी रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. 'यूडीसीटी' या आद्याक्षरांनी तो देशभर ओळखला जाऊ लागला आणि २००८ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभून तो रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणजेच 'आयसीटी' झाला. तेथील प्रा. विलास गायकर व त्यांचे सहकारी यांनी २००२ मध्ये मिऱ्यातील पाइपरीन आणि २००३ मध्ये हळदीतील कर्क्युमिनॉइडे पाण्याच्याच साहाय्याने काढण्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले.

पाण्यात न विरघळणारी वस्तू पाण्याने कशी काढावयाची? येथे 'हायड्रोट्रॉप' नावाचे क्षार उपयोगी पडतात. या गुणधर्माचे नामकरण कार्ल न्यूबर्ग या शास्त्रज्ञाने १९१६ मध्ये केले. हायड्रोट्रॉपच्या रेणूचे एक टोक पाण्याशी सलगी करते, तर दुसरे तेलकट पदार्थांशी. साबणाचेही असेच असते. पण हे रेणू साबणापेक्षा आखूड असतात, त्यामुळे थोड्या प्रमाणात ते फारसे काही करीत नाहीत. पाण्यातील त्यांचे प्रमाण एका विशिष्ट मर्यादेपलीकडे गेले, की पाण्याचा स्वभावच पालटतो आणि एरवी तळाशी बसणारा पदार्थ त्यात विरघळू लागतो. शिवाय हा द्राव वनस्पतीच्या पेशींची भिंत सैल करून आत शिरतो. पुढची पायरी तर फारच सोपी आहे. द्रावात आणखी साधे पाणी ओतावयाचे. क्षाराचे प्रमाण मर्यादेखाली उतरते, पाणी पूर्ववत होते आणि विरघळलेला पदार्थ साका होऊन खाली बसतो. तो गाळून घ्यावयाचा आणि उरलेले पाणी आटवून तोच क्षार पुन्हा वापरावयाचा. ज्वालाग्राही द्रावकाची टाकी नाही, वाफांचा धोका नाही.

या पद्धतीला खर्च नाही असे मात्र नव्हे. पाणी आटविण्यास इंधन लागते आणि हाती आलेला पदार्थ क्षाराचा अंश जाईपर्यंत धुवावा लागतो. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली पद्धत कारखान्यात परवडते की नाही, हे इंधनाच्या हिशोबावर ठरते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिंगोली व नांदेड जिल्ह्यांतही हे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. हळदीवर पुढील प्रक्रिया गावाजवळ व्हावी अशी मागणी सतत होत असते. अशा वेळी ती प्रक्रिया कोणत्या द्रावकाने होणार, हा प्रश्न गौण मानता येणार नाही.

अशा संशोधनास 'हरित रसायनशास्त्र' म्हणतात. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये त्याची बारा तत्त्वे मांडली. घाण निर्माण करून मग ती साफ करण्यापेक्षा मुळात ती निर्माणच होऊ नये, हे त्यांतील पहिले. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये याला आकड्यांची जोड दिली. एक किलो माल तयार होताना किती किलो टाकाऊ पदार्थ बाहेर पडतो, याचा त्यांनी हिशोब मांडला. तेलशुद्धीकरणात हे प्रमाण एकदशांश किलोहून कमी, तर औषधनिर्मितीत २५ ते १०० किलो निघाले. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर असल्याने हा आकडा त्याने दोनदा तपासून पाहिला. एका किलो औषधामागे शंभर किलोपर्यंत टाकाऊ पदार्थ!

एवढा कचरा येतो कोठून, हे ॲल्युमिनियम क्लोराइडच्या उदाहरणाने समजते. सुगंधी द्रव्ये, रंग व औषधे यांच्या निर्मितीतील काही क्रियांत ते उत्प्रेरक म्हणून वापरले जाते. उत्प्रेरक चिमूटभर पुरावा, अशी अपेक्षा असते. परंतु येथे तयार झालेला पदार्थच त्याला धरून ठेवतो. म्हणून ते मालाच्या बरोबरीने किंवा अधिकच घालावे लागते आणि शेवटी पाणी ओतून त्या पकडीतून माल सोडवावा लागतो. त्यातून आम्लाच्या वाफा, आम्लयुक्त सांडपाणी आणि ॲल्युमिनियमचा गाळ निर्माण होतो. कारखान्याबाहेरच्या ओढ्याला व विहिरींना बाधा पोचण्याचे हे एक मूळ आहे.

माटुंग्यातील प्रा. गणपती यादव यांनी या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले. २००९ ते २०१९ या काळात ते संस्थेचे कुलगुरू होते. त्यांच्या गटाने मॉन्टमोरिलोनाइट या मातीवर टंगस्टन व फॉस्फरसयुक्त तीव्र आम्ल बसवून घनरूप उत्प्रेरक तयार केले. झिर्कोनियावर आधारलेल्या उत्प्रेरकांच्या एका मालिकेस त्यांनी संस्थेच्या जुन्या नावावरून 'यूडीकॅट' असे नाव दिले. क्रिया संपली की असा उत्प्रेरक चहाच्या चोथ्याप्रमाणे गाळून बाजूला काढता येतो. फरक इतकाच, की चोथा टाकून देतात आणि हा पुन्हा वापरतात. मातीवरचे आम्ल हळूहळू धुपून जाऊ नये, म्हणून त्याचा सीझियमयुक्त क्षार मातीच्या छिद्रांतच तयार करण्याची युक्तीही या गटाने योजली.

या विषयातील सर्वांत कटू धडा आपल्याच देशाने घेतला आहे. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट हा वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. हा पदार्थ त्या कारखान्याचा विक्रीचा माल नव्हता. कार्बारिल हे कीटकनाशक बनविताना मधल्या पायरीवर तो लागे आणि टाक्यांत साठविलेला असे. त्याच कीटकनाशकाची अशी एक कृती ज्ञात होती, की जीत मिथाइल आयसोसायनेट लागतच नाही. तीतही फॉस्जीन हा विषारी वायू लागतो, म्हणून तिला निर्दोष म्हणता येणार नाही. तरीही टाकीत साठविलेच नाही ते टाकीतून सुटत नाही.

आपल्या राज्यात प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून कार्यरत आहे आणि जलप्रदूषणविषयक केंद्रीय कायदा १९७४ चा आहे. या व्यवस्थेचे लक्ष प्रामुख्याने नळीच्या तोंडाशी, म्हणजे बाहेर पडणाऱ्या पाण्यावर राहिले आहे. तेथे लक्ष हवेच. पण नव्या उद्योगाचा प्रस्ताव गावाच्या हद्दीत आला, तर पंचायत सदस्यांनी नळीच्या अलीकडचेही विचारावे. कोणता द्रावक वापरणार, त्यातील किती परत मिळविणार, किलोमागे टाकाऊ किती, आणि मधल्या पायरीवर काय साठविणार, हे चार प्रश्न विचारण्यास रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

शिक्षकांना वर्गात हा विषय हळदीपासूनच सुरू करता येईल. काचेच्या एका पेल्यात पाणी व दुसऱ्यात थोडे स्पिरिट घेऊन दोहोंत चिमूटभर हळद घालावी, ढवळून काही वेळ स्थिर ठेवावी. स्पिरिट पेट घेते, म्हणून जवळपास दिवा वा चूल नसावी आणि पेला शिक्षकांनीच हाताळावा. पाण्यातील बहुतेक हळद तळाशी बसेल, तर स्पिरिट गर्द पिवळे होईल. मग पाण्याचा पेला कोणीही प्यावा असा का आणि स्पिरिटचा का नाही, हे मुलांनाच विचारावे.