आधी घाट विचार

चि. मुग्धास,


शोरूमला लागून महिना झाला नाही तोच तू फोनवर विचारलंस, "मामा, सगळ्यांत चांगलं इंजिन कुठलं?" हा प्रश्न गिऱ्हाइकाचा. तुझा प्रश्न वेगळा हवा: गाडी दिवसभर कुठं असते?

नेप्तीच्या बाजारातून कांदा भरून माळशेजमार्गे वाशीला जाणाऱ्याला अश्वशक्तीचे आकडे सांगत बसू नकोस. 250 अश्वशक्तीचा ट्रक 40 टन ओढतो. तेवढ्याच अश्वशक्तीच्या आलिशान मोटारीचं वजन दोन टनांच्या आत-बाहेर. खुबी टॉर्कची. ट्रकचं डिझेल इंजिन मोठं आणि संथ, मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांतच पुरा जोर देतं. म्हणून चढाला दम तुटत नाही आणि इंजिन वर्षानुवर्षं टिकतं. पण या माणसाचा भरलेला ट्रक माळशेज उतरणार आहे, हे विसरू नकोस. पेट्रोल गाडीत पाय काढला की हवेची झडप मिटते, इंजिनच गाडी धरून ठेवतं. डिझेल तसं धरत नाही. तेव्हा आधी एक्झॉस्ट ब्रेक दाखव, केबिनचा एसी नंतर. धूर साफ करणाऱ्या युरियाची टाकी रिकामी ठेवली तर गाडी ओढायची बंद होते, हे ड्रायव्हरला बाजूला घेऊन सांग. मालक विसरतात.

रतनवाडीच्या चिखलात गाडी घालणाऱ्या पोरांना वेग नको असतो. मुंगीच्या चालीनं, न बंद पडता चढणारं इंजिन आणि खाली लो-रेंजचा गिअर, एवढं बघ. फोर्सच्या गुरखाचं 2.6 लिटरचं डिझेल त्या जातीचं. (ती कंपनी उभी करणारे नवलमल फिरोदिया आपल्या नगरचेच!)

आलिशान गाडीत मात्र मी तोंडघशी पडलोय. सावेडीतल्या एका डॉक्टरांना भारी डिझेल घ्यायला लावली. घर ते दवाखाना तीन किलोमीटर. डीपीएफमधली, म्हणजे धुराच्या फिल्टरमधली, काजळी जळायला सलग, तापलेली धाव लागते. ती कधी मिळालीच नाही. फिल्टर तुंबला, ते वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. अशांना पेट्रोलच दे. सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं असेल तर उत्तम; त्यात पिस्टनांचे धक्के एकमेकांना खोडतात, स्टिअरिंगवरच्या हाताला कळतसुद्धा नाही.

रविवारी ये. रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन दाखवतो. त्यातलं मेटिऑर पेट्रोल इंजिन स्पिटफायर विमानाच्या मर्लिनच्या घराण्यातलं. जोर अफाट, पण तहान अशी की इस्रायलनं पुढं त्याच रणगाड्यांत डिझेल बसवलं. येताना गिऱ्हाइकांची वही आण, आणि मामीनं सांगितलेलं दही.

तुझा,
मामा